व्हाया स्वित्झर्लंड

आठ दिवस, सात रात्री, नाश्ता धरून.
पैसे मी भरले, हप्त्यांनी.
आई म्हणाली, एवढ्यात तर गच्चीवर खोली झाली असती.
आप्पा म्हणाले, गाडी कुठली हाय?

गाडी पांढरी, बावन्न सीटची.
ड्रायव्हर पोर्तुगालचा, नाव रुई.
आप्पांनी पहिल्याच सकाळी त्याच्या मागची सीट धरली
आणि आठ दिवस सोडली नाही.
आई पाचव्या रांगेत, स्वानंदीजवळ,
मांडीवर पिशवी: शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी,
हॉटेलात धुतलेले, न वाळलेले पायमोजे.

खिडक्यांतून बर्फ जात होतं.
गाइड माईकवरून उंची सांगायची,
अख्खी गाडी एकदा डावीकडं झुकायची, एकदा उजवीकडं.
आप्पा बघत होते रुईचा डावा पाय.
मागं वळून मला म्हणाले,
"उतारावर गडी न्यूट्रल करत न्हाई.
कुणाच्या तरी हाताखाली शिकलाय."

एका खिंडीत वळणापलीकडून
भोंगा आला, तीन सुरांचा,
आणि त्यामागून पिवळी टपालगाडी, कड्याला घासून.
रुईनं गाडी मागं घेतली, वाट दिली.
आप्पांचा उजवा पाय मॅटवर दाबलेला,
तिथं ब्रेक नव्हता.
मग त्यांचा हात वर गेला,
एसटीवाले समोरच्या एसटीला करतात तसा.
पिवळ्या गाडीतून हात आला परत.
"बाई हाय," आप्पा म्हणाले,
आणि पुढचं गाव येईस्तोवर गप्प.

मुंबईत उतरलो रात्री दीडला.
गाडी ओगलेवाडीच्या सोहेलची.
स्वानंदी झोपली, मुठीत दोन परदेशी नाणी
जी आता कुठंच चालणार नव्हती.
मी आप्पांचा मोबाइल चाळत होते:
फोटो एकशे बारा,
त्यातले साठेक स्टेअरिंगचे,
एक आईचा, तोंड उघडं टाकून झोपलेली.
खंबाटकी चढताना आप्पा सोहेलला बोलतं ठेवत होते,
बायको कुठली, हप्ता किती राहिला,
डोळा लागतोय का, लागला तर सांग.

उंब्रजला चहा घेतला.
आई कागदी कप दोन्ही हातांत धरून म्हणाली,
"तुमचा कुंभार्ली असाच हाय का ओ?"

एकोणीस वर्षं, कराड–चिपळूण.
घरी डबा यायचा परत,
त्यात कधी आमसुलं, कधी करवंदं.
घाट नाही आला.
घरच्यांचा पास मिळायचा दरसाल,
आई त्यावर पुसेसावळीला जायची, माहेरी,
दुसऱ्याच कुणाच्या गाडीनं.

"तितं बघण्यासारखं काय हाय?" आप्पा म्हणाले.
"त्येच बघायचंय."

आप्पांनी कप चुरगाळला,
टाकायला जागा शोधत टपरीला एक फेरी घातली.

बॅगा हॉलमध्ये तशाच होत्या, कुलपासकट.
गुरुवारी सकाळी मी दोघांना स्टँडवर सोडलं.
आप्पा सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेले,
हात दांड्यापर्यंत गेला,
मग वळसा घालून इकडच्या बाजूनं चढले.
कंडक्टर नवं पोरगं, ओळख नाही.
आईला अर्धं तिकीट, आप्पांना पास.
खिडकी आईला.

मी काही गेले नाही.
तिथं काय बोलले, बोलले का, मला माहीत नाही.
संध्याकाळी आई चप्पल काढत होती
तेव्हा विचारलं, कसा होता घाट?

"वळणं लई.
ह्यांचा पाय सारखा दाबलेला, पत्र्यावर."
पिशवीतून आमसुलं काढली, वास घेतला,
डब्यात भरायला लागली.
"हेळवाकच्या पुढं
मग मीबी दाबला."